कच्च्या पावतीचं बियाणं

२०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात मृगाचा पाऊस वेळेवर पडला. टाळेबंदीने घरात अडकलेली माणसं शेतात उतरली, वापसा येताच पेरण्या उरकल्या, आणि आठवडाभरात गावोगावहून एकच ओरड सुरू झाली, की सोयाबीन उगवलंच नाही. कुठे तासामागून तास रिकामे, कुठे विरळ, वेडीवाकडी रोपं. कृषी खात्याकडे हजारोंनी तक्रारी गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. श्रीकांत कुलकर्णी यांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली आणि निकृष्ट बियाणं विकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचा विषय ऐरणीवर आणला. तक्रारी खासगी कंपन्यांविरुद्ध होत्या, तशा सरकारी ‘महाबीज’विरुद्धही होत्या. त्यामागचं एक मोठं कारण आदल्या वर्षीच्या शिवारात होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने काढणीला आलेलं सोयाबीन झोडपून काढलं होतं, आणि त्यात बीजोत्पादनाचे प्लॉटही होते. शेंगेत भिजलेला दाणा बाहेरून वाळला, तरी त्याचा कोंब आतून दुबळा झालेला असतो. तोच दाणा पुढच्या हंगामात पिशवीबंद होऊन, टॅग लावून दुकानात आला.

त्या वर्षापासून धाराशिव, लातूर, बीडच्या पारांवर एक निष्कर्ष घट्ट बसला आहे. शिक्क्याचं बियाणंही उगवत नाही, मग बिनशिक्क्याचं, बिनपावतीचं, चार पैसे स्वस्तातलं घेतलं तर काय बिघडलं? नुकसान सोसलेल्या माणसाने असं म्हणावं हे समजण्यासारखं आहे. पण २०२० ने खरं तर उलटीच गोष्ट दाखवून दिली. त्या हजारो तक्रारी ज्यांनी केल्या, त्यांच्याकडे तक्रार करण्यापुरतं काहीतरी होतं. बिल होतं, पिशवी होती, पिशवीवरचा लॉट नंबर होता. काहींना ‘महाबीज’ने बदली बियाणं दिलं, पंचनामे झाले, न्यायालयात प्रश्न विचारले गेले. ज्यांनी मालवाहू गाडीतून किंवा ओळखीच्या ओळखीने कच्च्या चिठ्ठीवर बियाणं घेतलं होतं, त्यांचंही उगवलं नसेल तर ते त्या आकड्यात आलेच नाहीत. पक्कं बिल उगवणीची हमी देत नाही. फसलं तर कुणाच्या दारात जायचं, हे ते सांगतं. बिनपावतीच्या बाजारात जी सूट मिळते ती नेमकी हे दार बंद करण्याची किंमत असते, आणि विकणारा ती जाणूनबुजून देतो.

बियाण्याच्या बाबतीत हे इतकं महत्त्वाचं का, ते त्या वस्तूच्या स्वभावात आहे. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झालं, तरी शेळी अजून उस्मानाबादीच राहिली आहे. ती शेळी बाजारात घेताना माणूस दात पाहतो, कास पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. सोयाबीनच्या दाण्याचं असं काहीच पाहता येत नाही. पिवळाधमक, टपोरा दाणा मेलेला असू शकतो आणि डागाळलेला दाणा जिवंत. त्यातून सोयाबीनचं साल अतिशय पातळ, आणि कोंब सालाला अगदी लागून असतो. मळणीयंत्राचे फेरे जास्त असले, पोती उंचावरून आपटली, थप्पी फार उंच रचली, गोदामात ओल आली, तरी कोंब दुखावतो. बाहेर खूण दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, ज्याच्या विचारासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं. त्याचं सार असं, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा माहीत असतो आणि घेणाऱ्याला नसतो, अशा बाजारात घेणारा सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही, तो हळूहळू बाजूला होतो, आणि मागे वाईट माल उरतो. मोटारीचा दोष निदान घरी आणल्यावर दोन दिवसांत कळतो. बियाण्याचा दोष कळेपर्यंत माल मातीत गेलेला असतो, खत पडलेलं असतं, ट्रॅक्टरचं भाडं दिलेलं असतं, आणि विकणारा पुढच्या गावात असतो.

धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट आणखी धारदार होते, कारण खरिपाचा फार मोठा भाग आता एका पिकावर उभा आहे. एकेकाळी इथे ज्वारी, तूर, उडीद, करडई अशी पिकं वाटून घेतलेली असायची. परंडा-भूमकडे रब्बी ज्वारीचा मान आजही आहे. पण कळंब, वाशी, धाराशिव, तुळजापूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यात जून उजाडला की एकच पीक डोळ्यांपुढे असतं. शेतकऱ्याला एकरी पंचवीस-तीस किलो बियाणं लागतं. एवढ्या मोठ्या वजनाची मागणी पंधरा-वीस दिवसांत एकदम येते. पाऊस पडला की दुकानापुढे रांग, हव्या त्या वाणाचा तुटवडा, आणि ‘फुले संगम’ किंवा ‘फुले किमया’ मिळत नाही म्हणून कुणीतरी सांगितलेल्या माणसाला फोन. दुसरीकडे, आडतीत तेच सोयाबीन धान्य म्हणून विकलं जातं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव बराच काळ त्याच्याही खाली होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत. बियाण्याच्या पिशवीत तोच किलो शंभराच्या घरात किंवा वर जातो. चाळणी, रंगीत पावडर आणि छापील पिशवी एवढ्या भांडवलावर भाव दुप्पट होत असेल, तर लबाडाला आणखी काय हवं?

यातली खरी मेख अशी, की सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचं धान्य आणि त्याचं बियाणं मुळात एकच असतं. म्हणून तर घरचं बियाणं दोन-तीन वर्षं बिनधास्त वापरता येतं आणि कृषी खातं स्वतः त्याचा आग्रह धरतं. संकरित कपाशीत हे जमत नाही, तिथे दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. म्हणजे ज्या गुणामुळे सोयाबीनचा शेतकरी कंपन्यांपासून मोकळा राहू शकतो, त्याच गुणामुळे आडतीतलं पोतं बियाण्याच्या पिशवीत ओतणं सोपं होतं. दोन्ही दाणे शेजारी ठेवले तर जाणत्यालाही फरक सांगता येणार नाही. फरक असतो तो इतिहासाचा. कुठल्या वाणाचं, कुणाच्या शेतातलं, किती ओलाव्यावर मळलेलं, कसं साठवलेलं, कधी तपासलेलं. टॅग म्हणजे या इतिहासाचा लेखी कबुलीजबाब. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो आणि त्यामागे अकोल्याच्या राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेची क्षेत्रतपासणी असते. ‘सत्यदर्शक’ म्हणजे ट्रुथफुल लेबलचं बियाणं कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते. तिथे तिसऱ्या कुणाची साक्ष नसते, पण कंपनीने लेबलवर जे छापलं त्याला ती बांधलेली असते. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवण, ९८ टक्के शुद्धता, जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा, तपासणीची तारीख आणि मुदत. कच्च्या चिठ्ठीवर यातलं काहीच नसतं. असते ती एक रक्कम, एक तारीख आणि बहुधा एक वाचता न येणारी सही.

कायदा या बाबतीत किती लंगडा आहे हेही मान्य करायला हवं, नाहीतर ‘नियमात राहा’ हा उपदेश पोकळ ठरेल. बियाणे अधिनियम १९६६ चा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५०० रुपये, आणि पुन्हा सापडला तर १,००० रुपये किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. साठ वर्षांपूर्वी पाचशे रुपयांना वजन असेल, आज तेवढ्यात बियाण्याची एक पिशवीही येत नाही. शिवाय हा कायदा अधिसूचित वाणांभोवती फिरतो. वाण अधिसूचित नसेल, ‘संशोधित’ म्हणून कंपनीने आपलं नाव दिलेलं असेल, तर त्याला या कायद्याचा चिमटा पूर्ण लागत नाही. म्हणून १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आला, तोही आवश्यक वस्तू कायद्याखाली. त्याने विक्रेत्याला परवाना, साठा आणि दर दिसेल असा फलक आणि ग्राहकाला पावती हे बंधन घातलं. केंद्राने २००४ मध्ये नवा बियाणे कायदा राज्यसभेत मांडला, तो मंजूर झाला नाही. २०२३ मध्ये बियाण्यांचा माग लावण्यासाठी ‘साथी’ हे पोर्टल आलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बोगस बियाणं, खतं आणि कीटकनाशकं यांच्याविरुद्ध पाच विधेयकं मांडली. ती संयुक्त समितीकडे गेली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कृषी सेवा केंद्रवाल्यांनी तीन दिवस राज्यभर दुकानं बंद ठेवून त्यांना विरोध केला. तात्पर्य, सरकार मध्ये पडून आपल्याला वाचवील या भरवशावर पेरणी करता येत नाही.

आणि जिथे नियमच नव्हते, तिथे काय झालं हे पाहण्यासाठी बियाण्याच्या शेजारच्याच फळीकडे पाहावं. फुटवा वाढवणारं, फूल थांबवणारं, दाणा भरणारं ‘टॉनिक’. शास्त्रीय भाषेत त्यांना जैव उत्तेजकं म्हणतात. ती खतही नाहीत आणि कीटकनाशकही नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं कुठल्याच कायद्यात बसत नव्हती. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन ती पहिल्यांदा नियमाखाली आली, आणि तरीही तात्पुरत्या नोंदणीच्या मुदतवाढी चालूच राहिल्या. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं, की पूर्वी अशी सुमारे ३०,००० उत्पादनं बेलगाम विकली जात होती, गेल्या चार वर्षांत सुमारे ८,००० उरली होती आणि कसून तपासल्यावर हा आकडा सुमारे ६५० वर आला. तीस हजारांतून साडेसहाशे! उरलेली सगळीच पाण्याच्या बाटल्या होत्या असं म्हणता येणार नाही. काहींनी नोंदणीचा खर्च परवडत नाही म्हणून माघार घेतली असेल. पण ज्यांनी ती विकत घेतली, त्यांना आपल्या हातातली बाटली कुठल्या गटातली हे ओळखण्याचा काहीच मार्ग नव्हता. यातल्या कितीतरी बाटल्या शेतकऱ्याने मागितल्याही नव्हत्या. खताची पिशवी हवी असेल तर सोबत हे घ्यावं लागेल, या ‘लिंकिंग’च्या अटीवर त्या त्याच्या गळ्यात मारल्या गेल्या. टॉनिकाचा आणखी एक फायदा विक्रेत्याला असतो. पाऊस चांगला झाला तर श्रेय बाटलीला, पाऊस गेला तर दोष पावसाला. बियाणं निदान उगवतं किंवा उगवत नाही.

आता कुणी म्हणेल, बिल घेऊन तरी शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या कुठे चढणार? इथे बहुतेकांना माहीत नसलेला एक निकाल सांगितला पाहिजे. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमकडून बियाणं घेतलं, ते सदोष निघालं, आणि ते ग्राहक मंचात गेले. निगमने वरपर्यंत भांडताना जे मुद्दे मांडले ते आजही प्रत्येक कंपनीच्या वकिलाच्या तोंडी असतात. शेतकरी माल विकण्यासाठी पिकवतो म्हणून तो ग्राहक नाही; बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही; बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही म्हणून दोष सिद्ध होत नाही. जानेवारी २०१२ मध्ये ‘नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे मुद्दे फेटाळले. शेतकरी हा ग्राहकच आहे. आणि घेतलेलं सगळं बियाणं पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी त्यातलं थोडं राखून ठेवायला हवं होतं, अशी अपेक्षा करणं गैरवाजवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी दोन सोयी केल्या. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनी हैदराबादची असो की इंदूरची, परंड्याच्या शेतकऱ्याला धाराशिवच्या पुढे जायला नको. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षं. वेळ लागतो, खेटे पडतात, हे खरंच. पण या साऱ्या वाटेची पहिली पायरी म्हणजे ‘मी हे यांच्याकडून घेतलं’ हे दाखवणारा कागद. तो नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असून नसल्यासारखा. पीक विम्याच्या आशेवरही राहू नये. विमा पाऊसपाण्याच्या आपत्तीचा आहे, बियाण्याच्या दोषाचा नाही.

सर्वांत अवघड आक्षेप उधारीचा आहे. गावाजवळचा दुकानदार जूनमध्ये बियाणं, खत, फवारणी सगळं वहीवर देतो आणि दिवाळीला सोयाबीन आडतीत गेलं की वसूल करतो. बँकेचं पीककर्ज वेळेवर मिळालं नाही तर तोच एक आधार. अशा माणसापुढे उभं राहून ‘पक्कं बिल द्या’ म्हणायचं कसं? हा प्रश्न कायद्याचं पुस्तक दाखवून सुटत नाही, तरी पुस्तकात काय आहे ते माहीत असावं. १९८३ च्या आदेशाने विक्रेत्यावर रोखीच्या किंवा उधारीच्या व्यवहाराची पावती देण्याचं बंधन घातलं आहे. उधार आहे म्हणून बिल नाही, ही पद्धत दुकानदाराने पाडली आहे, नियमाने नाही. एकट्याने मागायला संकोच वाटतो हे मान्य. दहा घरांनी मिळून, बचत गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने एकाच लॉटचं बियाणं एकाच बिलावर घेतलं, तर मागणारा एकटा राहत नाही आणि दुकानदारालाही ते गिऱ्हाईक सोडवत नाही. एवढं करूनही जो दुकानदार बिल देत नाही, त्याने आपल्या मालाबद्दल न बोलता पुष्कळ सांगितलेलं असतं. बहुतेक दुकानदार फसवे नसतात. पिशवी सीलबंद येते, आत काय आहे ते आम्हालाही दिसत नाही, मग फौजदारी आमच्यावर का, हा २०२३ च्या बंदमधला त्यांचा सवाल रास्त होता. पण तो सवाल सीलबंद, कंपनीच्या बिलाने आलेल्या मालापुरताच रास्त आहे. ज्या मालाचं स्वतःचं खरेदी बिल दुकानदाराकडे नाही, तो माल फळीवर ठेवण्याचा निर्णय त्याचाच असतो.

दुसरा आक्षेप विचाराचा आहे आणि त्याला या महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. शेतकरी संघटनेची भूमिका अशी, की शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचं आणि बाजाराचं स्वातंत्र्य हवं, निरीक्षकांचं राज्य नको. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे संघटनेने परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरली, ती याच भूमिकेतून. त्या कपाशीला परवानगी द्यावी की नाही, हा वेगळा वाद आहे. पण चोरून विकल्या जाणाऱ्या त्या पाकिटांनी एक गोष्ट उघड केली. बंदी असूनही मागणी होती, म्हणून बाजार तयार झाला. आणि तो बाजार चोरटा होता, म्हणून पाकिटावर कंपनीचं खरं नाव नव्हतं, लॉट नव्हता, बिल नव्हतं. पाकिटात तेच वाण आहे की साधी सरकी, हे विचारायची सोय घेणाऱ्याला नव्हती, कारण घेणाराच कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभा होता. तेव्हा बंदीच्या बाजूचे असा की विरोधातले, अनामिक विक्रेत्याचा तोटा शेवटी पेरणाऱ्याच्याच पदरात पडतो. निवडीचं स्वातंत्र्य हवं असेल, तर आपण कुणाला निवडलं हे तरी कळायला हवं.

मग शेजाऱ्याकडून घेतलेल्या बियाण्याचं काय? त्याला तर टॅग नसतो, बिल नसतं. माझ्या मते ते बियाणं अनेकदा दुकानातल्यापेक्षा चांगलं. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाण असेल तर ते ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. ही मर्यादा शहाणपणाची आहे. शेजाऱ्याचा दाणा आपण त्याच्या खळ्यावर पाहिलेला असतो, पोती त्याच्या घरात कशी ठेवली तेही ठाऊक असतं, एप्रिल-मेमध्ये मूठभर आणून उगवण पाहता येते, आणि फसलं तर तो उद्या पारावर भेटणारच आहे. त्याच्या नावाची हमी कागदावर नसली तरी गावात आहे. तेच धान्य ‘संशोधित वाण’ असं छापलेल्या पिशवीत भरून तीन तालुके ओलांडून आलं, की ही हमी गळून पडते आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच येत नाही. बिनपरवाना म्हणून वाईट असं मी म्हणत नाही. ना गाव ओळखतं, ना कागद ओळखतो, असा विक्रेता मात्र टाळावाच. फोनवर फोटो पाठवून, आगाऊ पैसे मागून, एसटीच्या पार्सलने बियाणं धाडणारे याच जातीचे.

एकमेकांना सावध करण्याच्या पद्धतीबद्दलही बोललं पाहिजे. दरवर्षी जूनमध्ये मोबाइलवर संदेश फिरतात, ‘अमक्या कंपनीचं बियाणं बोगस आहे, घेऊ नका, पुढे पाठवा.’ असा संदेश कुणाच्या कामाचा नसतो. एका कंपनीचे एका वाणाचे अनेक लॉट असतात. वेगवेगळ्या शेतांतून, वेगवेगळ्या गोदामांतून आलेले. एक लॉट मेलेला असतो म्हणून दुसरा असेलच असं नाही. मोघम बदनामीने चांगला लॉट पडून राहतो, माणसं घाईत दुसरीकडे पळतात, आणि त्या घाईवरच कच्च्या पावतीवाल्याचा धंदा चालतो. शिवाय खोट्या बदनामीबद्दल उलट नोटीस आली तर पुढे पाठवणारा एकटा पडतो. उपयोगी इशारा रुक्ष असतो : वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, कुठून घेतलं, घरी शंभर दाण्यांतून किती उगवले. सोबत टॅगचा फोटो. तो वाचणारा आपल्या घरातली पिशवी उलटून नंबर ताडून पाहू शकतो. विक्रेत्यालाही त्याच्यावर ओरडता येत नाही, कारण त्यात विशेषण एकही नसतं.

त्या शंभर दाण्यांची तपासणी पैशात पाहिली तर फुकटच. पिशवीच्या निरनिराळ्या थरांतून दाणे घ्यावेत. निवडून टपोरे घेण्याचा मोह आवरावा. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळीत मांडून वर दुसरं ओलं पोतं टाकावं, गुंडाळी करून सावलीत ठेवावं आणि ओल टिकवावी. पाच-सहा दिवसांत चांगले, सरळ कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर आले तर एकरी तीस किलोचा हिशेब. साठच आले तर तेवढीच रोपं मिळवायला पस्तीस किलो लागतील. त्याच्या खाली आकडा गेला, तर पेरण्याआधी दुकानात परत जावं. पिशवीतला बराच माल अजून शाबूत असतो, आणि न पेरलेलं बियाणं बदलून घेणं हे पेरलेल्याची भरपाई मागण्यापेक्षा कितीतरी सोपं. गुंडाळी उलगडताना तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवावा. पिशवी वरून फाडण्याऐवजी खालून उसवावी, म्हणजे टॅग आणि सील जागेवर राहतं, आणि शे-दोनशे ग्रॅम बियाणं पिशवीतच ठेवून द्यावं. न्यायालय म्हणतं राखून ठेवायची सक्ती नाही. तरी राखलेलं असलं तर वाद लवकर मिटतो.

हे सगळं करूनही शेतात उगवलं नाही, तर खरी पंचाईत पुढेच असते. कंपनीचा पहिला बचाव ठरलेला : बियाणं खोल पडलं, ओल अपुरी होती, पावसाने जमिनीवर पापुद्रा धरला. हे बचाव नेहमीच खोटे नसतात. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं किंवा ७५-१०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी कोरड्यात पेरलं, तर चांगलं बियाणंही मरतं. म्हणून पाहणीला येणारी तालुक्याची तक्रार निवारण समिती माती उकरून दाणा किती खोल आहे, कुजलाय की तसाच आहे, शेजारच्या शेतात दुसऱ्या लॉटची उगवण कशी आहे, हे सगळं पाहते. पण समिती यायला दिवस लागतात आणि दुबार पेरणीला दिवस उरलेले नसतात. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचा उतारा घसरत जातो, हरभऱ्याचं रानही उशिरा मोकळं होतं. पंचनाम्याची वाट पाहिली तर हंगाम जातो, आणि पाळी घालून पुन्हा पेरलं तर पुरावा मातीत मिसळतो. लेखी तक्रार त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी फोटो काढावेत, आणि रान पुन्हा पेरताना मधले चार-सहा तास, बांधाजवळचे नव्हेत, न मोडता तसेच ठेवावेत. समिती आली की तिला दाखवायला तेवढा पट्टा पुरतो. त्या पट्ट्याचं पीक बुडतं, ते भरपाईच्या मागणीत वेगळं लिहावं.